बाटलीखालचा चुंबक

लोहचुंबकानें वाईनची चव सुधारते असें सांगून विकलीं जाणारीं साधनें पाश्चात्य बाजारांत बरींच वर्षें आहेत. बाटली चुंबकाच्या बैठकीवर अर्धा तास ठेवावी, म्हणजे स्वस्त वाईन महागडीच्या पंक्तीस बसते, असा हा दावा. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं हा पदार्थ येत नाहीं. तेव्हां धाराशिवांत बसून ही उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेंच कीं, बाटलीखालचा हा चुंबक आपल्याकडे बोअरच्या नळावर चढून बसला आहे, आणि त्याचे वकील पुष्कळदां आपल्यासारखेच शिकलेले लोक असतात.

या वकिलांचा पहिला मुद्दा असा, कीं चुंबकांत शक्ति आहे, त्या अर्थीं तिचा परिणाम हा होणारच. शक्ति आहे हें खरें. पण ती कशावर व किती चालते? वाईन म्हणजे बहुतांशीं पाणी आणि मद्यार्क. हे दोन्ही पदार्थ चुंबकाकडे ओढले जात नाहींत. उलट अत्यंत क्षीणपणें दूर सारले जातात. 1997 सालीं आंद्रे गाइम प्रभृति शास्त्रज्ञांनीं जिवंत बेडूक चुंबकाच्या बळावर अधांतरीं तरंगविला, तेव्हां सुमारें 16 टेस्लांचें क्षेत्र लागलें. फ्रीजच्या दारावरील चुंबकाचें क्षेत्र त्याच्या शतांशाइतकेंही नसतें. आणि एवढ्या प्रचंड क्षेत्रांतूनही तो बेडूक होता तसाच बाहेर आला!

दुसरा मुद्दा स्वानुभवाचा. “आम्हांस स्वतःला फरक जाणवला, त्याचें काय?” फरक जाणवला हें आम्ही नाकारीत नाहीं, तो पेल्यांत होता कीं मनांत, एवढेंच विचारतों. मेस्मरपंथी वैद्यांच्या ‘प्राणिचुंबकत्वा’ची परीक्षा करण्यासाठीं 1784 सालीं फ्रान्सच्या राजानें मंडळ नेमलें. बेंजामिन फ्रँक्लिन आणि लाव्हॉझिए हे त्याचे सभासद होते. त्यांनीं एका बाईस साध्या पाण्याचे पेले एकामागून एक दिले. चौथ्या पेल्यास तिला झटका आला. पुढें खरोखर ‘भारलेलें’ पाणी दिलें, तें ती निमूटपणें प्याली. वाईनचीही अशीच परीक्षा झालेली आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील संशोधकांनीं 2005 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोणत्या पेल्यांतील वाईन चुंबकावर ठेवलेली आहे हें देणारास व घेणारास, दोघांसही ठाऊक नव्हतें. फरक निघाला नाहीं.

अशा परीक्षेस प्रयोगशाळा लागते असेंही नाहीं. रोनाल्ड फिशर यांच्या 1935 सालच्या ग्रंथांतील बाई दूध आधीं घातलें कीं चहा, हें चवीवरून ओळखतें म्हणे. फिशर यांची योजना साधी: आठ पेले, चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. नुसत्या अंदाजानें सर्व पेले बरोबर ओळखण्याचा संभव सत्तरांत एक. ज्या घरांत आठ पेले नाहींत असें मध्यमवर्गीय घर कोठें आहे? परंतु पदवी भिंतीवर लावणारे आपण हा अर्ध्या तासाचा खटाटोप करीत नाहीं, आणि मनगटांत चुंबकी कडें मात्र घालतों.

“असेना का; नुकसान तर नाहीं ना?” हा तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत घातक वाटतो. आमचा जिल्हा अवर्षणाचा. बेसाल्टाच्या खडकांतून वर येणारें बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें, आणि द्राक्षबागेच्या ठिबकांत क्षार साचून तोंडें बुजतात. नळाभोंवतीं चुंबक बसविल्यानें हे क्षार कमी चिकटतात कीं काय, याविषयीं प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु पाण्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम चुंबकामुळें नाहींसें होत नाहीं. जड पाणी गोड झालें असें सांगणारास दोन बाटल्यांत तेंच पाणी, एक चुंबकाआधींचें व एक नंतरचें, घेऊन सारखाच साबण घुसळावयास सांगावें. फेस काय तो निवाडा देईल. शेतकरी मात्र चुंबकावर विसंबून नळ्यांची आम्लप्रक्रिया लांबणीवर टाकतो. पैसा जातो तो जातोच, वर ऐन घड भरण्याच्या वेळीं वेलीस पाणी पोंचत नाहीं. आणि त्यानें विश्वास कोणावर ठेवलेला असतो? “शिकलेलीं माणसें वापरतात” या साक्षीवर. ती साक्ष आपली आहे.

म्हणून आमचें वाचकांस सांगणें असें: चुंबक घेऊन कोणी दारीं आला, तर त्यास हांकलूं नका. त्यास बसवा, आठ पेले मांडा, चिठ्ठ्या टाका, आणि भारलेले चार पेले त्यालाच ओळखावयास सांगा. त्यानें ओळखले, तर पुन्हां एकदां चिठ्ठ्या टाका. तो उठून चालूं लागला, तर पैसे घरांत राहतील, आणि शेजारच्या शेतकऱ्यास सांगण्यासारखें कांहीं तरी खरें आपल्यापाशीं असेल.