कूलर उतरला, आता लघवीची गोळी बघा

होळी आटोपली की आमच्या नागपुरात घरोघरी एकच उद्योग सुरू होतो. गच्चीवर ताडपत्रीखाली झाकलेला कूलर बाहेर निघतो, टाकीला रंग लागतो, वाळ्याच्या ताट्या बदलतात, पंप पाणी ओढतोय की नाही ते बघतात. एप्रिल-मे म्हणजे काय हे इथे कोणाला समजवावं लागत नाही. २९ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. घरात पन्हं येतं, दुपारची कामं सकाळवर जातात, बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा येतो. सगळं बदलतं. बदलत नाही ती आई-बाबांची औषधांची डबी. जानेवारीत ठरलेली लघवीची गोळी मे महिन्यातही त्याच मापाने पोटात जाते.

आमच्या धंद्यात याला हार्डकोड करणं म्हणतात. एकदा आकडा लिहून टाकला, मग बाहेरची परिस्थिती बदलली तरी प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या आठवड्यात कूलर उतरतो त्याच आठवड्यात औषधाची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि विचारावं, "उन्हाळ्यात हीच मात्रा ठेवायची का?" (मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण वडिलांची डबी दर रविवारी मी भरतो, त्यामुळे वाचावं लागतं.)

आता ही गोळी करते काय? आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. गोळी या परत घेण्याच्या कामात खोडा घालते. मीठ परत घेऊ देत नाही, आणि मिठाच्या मागे पाणी जातं. फ्युरोसेमाइड (म्हणजे तुमची लॅसिक्स) किंवा टॉर्सेमाइड जिथे काम करतात तिथे गाळलेल्या मिठाचा साधारण पाव हिस्सा परत घेतला जात असतो, म्हणून त्या जोरकस. थायझाइड जातीच्या गोळ्या पुढच्या टप्प्यावर, जिथे पाचेक टक्केच मीठ असतं, म्हणून त्या सौम्य. हृदय कमजोर असलं की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, रात्री आडवं झालं की दम लागतो. अशा माणसाला ही गोळी खरोखर श्वास परत देते. तिच्याविरुद्ध माझं काहीच नाही.

फक्त तिला समजत नाही, की आज अंगात पाणी जास्त आहे की कमी. मे महिन्यात घामावाटेही मीठ-पाणी जात असतं. म्हणजे टाकीचे दोन नळ एकदम उघडे. त्यात वय झालं की तहान कमी लागते. मग उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, कोणी बाथरूममध्ये पडतं. सोडियम उतरलं की माणूस असंबद्ध बोलायला लागतो, आणि घरचे म्हणतात, "वय झालं नं आता, भ्रमिष्टासारखं करून राहिले." वय झालेलं असतंच, पण ते कालही झालेलं होतं!

आणखी एक घोळ. रोजच्या पेपरात येतं, भरपूर पाणी प्या. महापालिकाही तेच सांगते (देशातली पहिली उष्णता कृती योजना २०१३ मध्ये अहमदाबादने केली, नंतर नागपूरनेही केली). आणि हृदयाच्या पेशंटच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, दिवसाला दीड लिटर. आता म्हाताऱ्या माणसाने कोणाचं ऐकायचं? एखादा बिचारा नवतपातही दीड लिटर मोजून पितो, दुसरा पेपर वाचून चार लिटर पितो आणि रात्री दम्याने उठून बसतो. दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर, आणि या पेशंटसाठी त्यांचा मेळ घालणारा माणूस एकच, त्याला तपासणारा डॉक्टर. पण तो आपण विचारल्याशिवाय सांगत नाही, कारण बाहेर चाळीस नंबर लागलेले असतात. पाणी किती, गोळी किती, हे मार्चमध्येच विचारून कागदावर लिहून घ्यायचं.

"मग उन्हाळाभर गोळी बंदच करू नं" असं म्हणणारे हुशारही भेटतात. ते तर अजिबात नको. चार दिवसांत फुप्फुसात पाणी भरून दवाखान्यात जावं लागू शकतं.

मग कळायचं कसं? याचं यंत्र घरात आहे, वजनकाटा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि चरबी काही रातोरात किलोभर वाढत नाही. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याआधी, रोज त्याच प्रकारच्या कपड्यांत वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर डॉक्टरांना फोन. आणि उन्हाळ्यात उलटंही बघायचं: नेहमीच्या वजनापेक्षा ते उतरत चाललं आणि चक्कर येतेय, तरी फोन. काटा सपाट फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, देशभर बोंब झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आपल्या घरात तेच नको :-)

आता डबीतली एक लपलेली गोष्ट. अनेकांना ठाऊकच नसतं की आपले आई-बाबा लघवीची गोळी घेतात. कारण ती वेगळी नसते, रक्तदाबाच्या गोळीत मिसळलेली असते. नावाच्या शेवटी 'एच' असेल तर बहुतेक वेळा तो हायड्रोक्लोरोथायझाइडचा असतो, 'सीटी' असेल तर क्लोरथॅलिडोनचा. आज रात्री पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. एका डॉक्टरने 'एच'वाली दिली, दुसऱ्याने पाय सुजले म्हणून वेगळी लघवीची गोळी दिली, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही, असं सहज होऊ शकतं.

सुजलेल्या पायांचंच घ्या. आमच्या ओळखीच्या एका काकूंचे घोटे सुजले. केमिस्टने काउंटरवरूनच लघवीची गोळी दिली, "पाणी झालंय, काढून टाका." काकूंनी तीन आठवडे घेतली. सूज तशीच, वर गळून गेल्या. त्या रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घ्यायच्या. त्या औषधाने घोटे सुजणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यात अंगात पाणी वाढलेलं नसतं, बारीक रक्तवाहिन्या सैलावून पाणी बाहेर झिरपतं, म्हणून लघवीची गोळी तिथे फारशी लागू पडत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि सूज उतरली. एका औषधाचा त्रास निस्तरायला दुसरं औषध, ही साखळी फार लवकर तयार होते. (कोडमध्येही आपण हेच करतो, पण तिथे कोणी बाथरूममध्ये पडत नाही.)

सूज हा रोग नाही, खूण आहे. हृदय, किडनी, यकृत, थायरॉइड, कशाचीही असू शकते. नुसत्या उन्हानेही पाय सुजतात, नागपूर-पुणे बसमध्ये रात्रभर पाय लोंबते ठेवूनही सुजतात, आणि त्याला पाय उशीवर वर ठेवणं पुरतं. एकच पाय अचानक सुजला आणि दुखतोय तर गुठळी असू शकते, तेव्हा लगेच दवाखाना. या सगळ्यांना एकच गोळी कशी चालेल?

तरुण मंडळींनी हसू नये. जिममध्ये 'वॉटर कट' म्हणून, लग्नाच्या फोटोत गाल बसलेले दिसावेत म्हणून हीच गोळी घेणारे आपल्याच वयाचे आहेत. २००३ च्या विश्वचषकातून शेन वॉर्न घरी गेला तो असल्याच गोळीपायी. बारीक दिसावं म्हणून आईने दिली होती, असं त्याचं म्हणणं. वर्षभर बंदी आली. खेळात ही औषधं बंद आहेत कारण ती वजन झटपट उतरवतात आणि लघवी पातळ करून दुसरी औषधं लपवतात. उतरतं ते पाणी, चरबी तोळाभरही नाही. पण त्या पाण्याबरोबर पोटॅशियम जातं, आणि ते फार उतरलं तर हृदयाचा ठेका चुकतो.

आणि पोटॅशियम वाढणंही तितकंच वाईट. स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी पोटॅशियम धरून ठेवते. १९९९ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं की गंभीर हृदयविकारात तिने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटतात. जगभर डॉक्टर ती लिहायला लागले. मग २००४ मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातला अभ्यास आला, की त्यानंतर तिथे पोटॅशियम वाढून दवाखान्यात येणारे रुग्ण बरेच वाढले. चाचणीत रक्ततपासणी वरचेवर होत होती, बाहेर तेवढी कोण करतो? टेस्टिंगला चाललेलं प्रॉडक्शनला पडतं ते असं. आता आपल्याकडे पाहुणचार म्हणून आजारी माणसाकडे काय नेतात? नारळपाणी. त्यात पोटॅशियम भरपूर. 'कमी सोडियमचं' मीठ म्हणून जे मिळतं, त्यातही सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. किडनी अशक्त आणि वर स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर हे दोन्ही विचारल्याशिवाय नको.

गुडघेदुखीची गोळी मात्र मला सगळ्यात जास्त घाबरवते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घराघरात असतात, आणि कोणी त्यांना औषधच समजत नाही. लघवीची गोळी, रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलसारख्या गोळ्या आणि ही वेदनाशामकं, तिन्ही एकत्र आली की किडनीवर तिहेरी मार बसतो. अंग आधीच कोरडं पडलं असेल तर जास्तच. उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी फोन करून विचारायचं, की लघवीची आणि रक्तदाबाची गोळी तात्पुरती थांबवायची का, आणि पुन्हा कधी सुरू करायची.

बाबांची वेगळीच तऱ्हा. लग्नाला जायचं असलं की गोळी खिशात ठेवून देत, "मांडवात कुठं धावत बसू बाप्पा?" यात लाजण्यासारखं काही नाही. लॅसिक्स हे नावच म्हणे सहा तास टिकते म्हणून पडलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, अशा दिवशी घरी आल्यावर दुपारी घ्या, फक्त संध्याकाळनंतर नको, नाहीतर रात्रभर उठाल. एका वाक्याचं काम होतं. आता मार्चमध्ये जाल तेव्हा सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचं का तेही विचारा, आणि रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाका. तिथे तसंही गुड मॉर्निंगशिवाय काही येत नाही.