ॲमस्टरडॅमची सभा आणि परळची शाळा

परदेशी शिकणारा मुलगा तिकडच्या एखाद्या मोठ्या धर्मसभेस जाऊन आला की घरच्यांची छाती फुगते. फुगो बापडी! पण त्याने तिथून काय आणले, हे विचारावयास कोणी धजत नाही.

जमखंडीच्या मराठा घरातले विठ्ठल रामजी शिंदे पुण्याच्या फर्ग्युसनात शिकले व १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माच्या अभ्यासास गेले. १९०३ च्या सप्टेंबरात ॲमस्टरडॅमला उदार धर्मवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला. परत आल्यावर हा गृहस्थ त्या सभेच्या गोष्टी सांगत ओसरीवर बसला नाही. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला त्याने अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांची शाळा काढली. पुढे पुण्यास भोकरवाडीत अहल्याश्रम उभारला. सोवळेवाल्यांनी नाके मुरडली. आपल्यातल्याही पुष्कळांनी त्यांस दूर ठेवले, हे लपवू नये.

शेत गहाण टाकून पोरास विलायतेस धाडणाऱ्या शेतकरी-कारागीर बंधूंनो, तिकडच्या उत्सवातले त्याचे फोटो शेजाऱ्यांस खुशाल दाखवा. मात्र सुटीत तो घरी आला म्हणजे विचारा : बाळा, तिथे परक्या धर्माच्या माणसाच्या मांडीस मांडी लावून जेवलास, आता आपल्या वेशीबाहेरच्या घरी पाणी प्यावयास कधी जातोस?