कागदाची घडी आणि कोरींचे तप

आजचा धागा एका लाडक्या कथेविरुद्ध आहे.

१९४८ साली लिनस पॉलिंग ऑक्सफर्डमध्ये सर्दीने अंथरुणाला खिळले होते. रहस्यकथांचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी कागदावर प्रथिनाची साखळी रेखाटली, कागद दुमडला आणि अल्फा-हेलिक्स ही सर्पिल रचना हाती लागली. विज्ञानेतिहासाच्या धाग्यांत ही कथा वारंवार फिरते. ती खोटी नाही. खुद्द पॉलिंगनीच ती सांगितली आहे. ती अपुरी आहे, हा माझा आक्षेप आहे. बखरीतल्या चमत्कारावर विसंबू नये, असे आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात बजावले जाते. प्रयोगशाळेची गोष्ट आली की आम्ही तेच पथ्य विसरतो.

कागद कोठे दुमडायचा आणि कोठे मुळीच दुमडायचा नाही, हे पॉलिंगना कशावरून ठाऊक होते?

त्याचे बरेचसे उत्तर रॉबर्ट कोरी या अबोल संशोधकाच्या वह्यांत आहे. कॅलटेकमध्ये त्यांनी १९३८ साली डायकिटोपिपरेझिन या छोट्या संयुगाची स्फटिकरचना उलगडली. १९३९ मध्ये गुस्ताव्ह अल्ब्रेख्त यांच्यासह ग्लायसिनची. कोणत्याही अमिनो आम्लाची ही पहिली स्फटिकरचना. त्या रेणूत अवघे १० अणू! तरीही क्ष-किरणांच्या प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजायची आणि त्यावरून अणूंची स्थाने आकडेमोडीने काढायची, हे अत्यंत चिकाटीचे काम होते. पुढे १९४१ मध्ये अ‍ॅलनिन, १९५० मध्ये थ्रिओनिन. मोजून एक तप. त्यातून बंधांची लांबी व कोन हाती आले आणि पेप्टाइड बंधाभोवतीचे अणू एकाच प्रतलात राहतात, ही गोष्ट पक्की झाली. पॉलिंगच्या सिद्धान्तातून हा सपाटपणा अपेक्षित होता, हे मान्य. पण अपेक्षा आणि मोजमाप यांत अंतर असते.

ते अंतर किती, हे केंब्रिजला विचारा. ब्रॅग, केंड्र्यू आणि पेरुट्झ या तिघांनी १९५० मध्ये साखळीच्या संभाव्य रचनांची लांबलचक यादी छापली. तिघेही असामान्य बुद्धीचे. पण तो सपाटपणा त्यांनी बंधनकारक मानला नाही, शिवाय एका वेढ्यात पूर्णांकी घटकच असावेत असे धरले, आणि अल्फा-हेलिक्स त्या यादीतून निसटले. १९५१ च्या निबंधावर पॉलिंग, कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन अशी तीन नावे आहेत. आपल्या कथेत उरते एकच.

असा विसर आपल्याकडेही आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. विजयन यांचे नाव निघालेच तर डोरोथी हॉजकिन यांच्या गटातील १९६९ च्या इन्सुलिन-रचनेपुरते. भारतात परतल्यावर त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी लायसिन, आर्जिनिन, हिस्टिडिन ही अमिनो आम्ले अ‍ॅसेटिक, ऑक्झॅलिक, सक्सिनिक यांसारख्या कार्बोक्झिलिक आम्लांसह एकत्र स्फटिकरूपात आणली आणि वर्षानुवर्षे एकेक रचना उलगडली.

‘असले मीठ बनवून काय मिळाले?’ असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो. या स्फटिकांत अमिनो आम्लांचे रेणू पुष्कळदा एकामागे एक रांगेत उभे असतात: एकाचे धनभारित अमिनो टोक दुसऱ्याच्या ऋणभारित कार्बोक्झिलेट टोकासमोर, हायड्रोजन बंधाने धरलेले. पेप्टाइड साखळी जुळायची तर टोके अशीच समोरासमोर यावी लागतात. म्हणजे सजीव अवतरण्यापूर्वी, एन्झाइम नसताना, हे रेणू आपणहून रांग धरत होते काय, असा प्रश्न या मिठांतून उभा राहिला. त्याच आम्लासोबत केवळ डावखुरे रेणू घेतले, की डावे-उजवे मिश्रण घेतले, यानेही मांडणी बदलताना दिसली.

यात ताप नाही, रहस्यकथा नाही, कागदाची घडीही नाही. म्हणून धागा नाही. पॉलिंगची कथा पुन्हा लिहिणाऱ्यांनी निदान १९३९ च्या त्या १० अणूंपासून सुरुवात करावी.