आरोपी तुरुंगात गेला, लेकराचे काय?

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. जळगाव जिल्ह्यातील आश्रमशाळांचा कारभार येथून चालतो. पावरा, तडवी, भिल्ल समाजाचे आईबाप दरवर्षी जूनमध्ये पोटची लेकरे शासनाच्या भरवशावर आश्रमशाळेत सोडतात आणि मजुरीला निघून जातात. हा भरवसा मोडला तर त्याची भरपाई कोणी करायची, हा आमचा सवाल आहे.

सवाल हवेतला नाही. २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. जुलै २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, एरंडोल तालुक्यातील खडके बुद्रुक येथे वसतिगृहातील पाच अल्पवयीन मुलींवर अत्याचार केल्याचा गुन्हा तेथील काळजीवाहकावर दाखल झाला. दोन्ही वेळी मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, अटका झाल्या. मग सारे आपापल्या कामाला लागले. लेकरांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले?

कायदे नाहीत असे नाही. २०१२ चा पोक्सो कायदा आहे. २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. अ‍ॅट्रॉसिटीच्या नियमांत २०१६ च्या दुरुस्तीनुसार बलात्कारपीडितेला पाच लाखांची मदत आहे. निम्मी वैद्यकीय अहवालानंतर, पाव हिस्सा दोषारोपपत्रानंतर, उरलेली खालच्या कोर्टाच्या निकालानंतर. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ही मदतही नाही. शिवाय या सगळ्या वाटा पोलीस ठाण्यातून जातात. १९९५ साली आठ वर्षांचे असलेले आणि तेव्हा भीतीने गप्प बसलेले लेकरू आज चाळिशीला टेकले आहे. त्याने वैद्यकीय अहवाल कुठून आणायचा? अधीक्षक निवृत्त झाला, हजेरीपट वाळवीने खाल्ला. त्याच्यासाठी या राज्यात एकही दार उघडे नाही.

इतर देशांनी हे दार उघडले. आयर्लंडने २००२ साली कायदा करून मंडळ नेमले. आरोपीला शिक्षा झालेली नसतानाही पंधरा हजारांहून अधिक जणांना भरपाई मिळाली. मात्र रक्कम घेणाऱ्याने त्याबद्दल जाहीर बोलू नये, अशी अट घातली. ही चूक आपण करू नये. कॅनडातील मूलनिवासींच्या लेकरांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडले होते. २००७ च्या समझोत्याने तेथे राहिलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षाचे दहा हजार डॉलर आणि पुढील प्रत्येक वर्षाचे तीन हजार डॉलर देऊ केले. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

आपल्याकडे आधार नाही का? नीलाबती बेहेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले, की शासनाच्या ताब्यातील माणसाच्या जिवाची जबाबदारी शासनाची आहे आणि तिचा भंग झाल्यास भरपाई शासनानेच द्यायची. तो खटला पोलीस कोठडीचा होता. पण आश्रमशाळेतले लेकरू तरी कोणाच्या ताब्यात असते? संविधानाचे कलम २१ कोठडीच्या दाराशी संपत नाही.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. आपल्या कित्येक पिढ्या वसतिगृहाच्या भाकरीवर शिकल्या. म्हणून वसतिगृहे बंद करा, असे म्हणणाऱ्यांच्या मागे आम्ही जाणार नाही. परंतु संस्थाचालक आपला माणूस आहे, अनुदान बंद पडेल, चळवळीची बदनामी होईल, म्हणून तोंड दाबायचे? बदनामी गुन्ह्याने होते, तक्रारीने नव्हे.

आमची मागणी साधी आहे. शासकीय आणि अनुदानित निवासी संस्थांत अत्याचार सोसलेल्यांसाठी राज्याने कायद्याने स्वतंत्र मंडळ नेमावे. त्यात आदिवासी व दलित स्त्रिया असाव्यात. मुदतीची आणि गुन्हा नोंदवण्याची अट नसावी. भरपाईसोबत उपचार, शिक्षण व जाहीर माफी मिळावी. ही भीक नव्हे, देणे आहे. आणि देणे मागताना मान खाली घालायची नसते, हे आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले आहे.

जय भीम!