गेनचं बटण हे आवाजाचं बटण नाही!



कार साऊंडचं काम सुरू करायचंय म्हणणारे बरेच जण पहिला प्रश्न मशीनचाच विचारतात. "सर, ऑसिलोस्कोप घ्यावा लागेल ना? त्याशिवाय ॲम्प्लिफायर सेट कसा करायचा?"

माझं मत स्पष्ट आहे. सुरुवातीला अजिबात घेऊ नका. मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. त्यातला मोठा हिस्सा एका मशीनवर घातला, तर वायर, फ्यूज, टर्मिनल आणि दोन महिन्यांचं भाडं कुठून आणणार? साधा डिजिटल मल्टीमीटर, एक टेस्ट टोन आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, एवढ्यावर गेन व्यवस्थित लावता येतो.

अक्कलकोटचंच उदाहरण घ्या. स्वामींच्या दर्शनाला वर्षभर गाड्या येतात. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर अशा फेऱ्या करणारा ड्रायव्हर दिवसभर गाडीत असतो. पण सोलापूर इथून साधारण ४० किलोमीटरवरच आहे. मालाच्या किमतीवर तिथल्या मोठ्या दुकानांशी भांडायला गेलात, तर टिकणार नाही. तुमच्याकडे विकायला एकच गोष्ट आहे, ती म्हणजे नीट केलेलं काम. आणि नीट काम गेनपासून सुरू होतं.

गेन म्हणजे काय?

स्टिरिओतून येणारा सिग्नल आणि ॲम्पची ताकद यांचा मेळ घालणारं बटण म्हणजे गेन. ते जास्त फिरवलं की ॲम्प त्याच्या ताकदीबाहेरचं द्यायला बघतो आणि आवाजाच्या लाटेचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. तेवढ्याच उंचीची लाट पूर्ण चौकोनी झाली, तर स्पीकरमध्ये दुप्पट पॉवर जाते. कॉइल तापते, जळते. गिऱ्हाईक म्हणतं, "माल डुप्लिकेट दिला." गावात ही बातमी पसरायला एक दिवस पुरतो.

मल्टीमीटरने गेन असा लावा

१. ॲम्पची आणि स्पीकरची आरएमएस पॉवर बघा. दोन्हीतला लहान आकडा धरा. "मॅक्स" लिहिलेला आकडा सोडून द्या.

२. वॉट गुणिले ओहम करा आणि त्याचं वर्गमूळ काढा. १०० वॉट आणि ४ ओहम म्हणजे ४००, वर्गमूळ २०. तुमचं लक्ष्य २० व्होल्ट.

३. स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून काढा. बेस बूस्ट, लाऊडनेस बंद. इक्वलायझर शून्यावर. ॲम्पचे फिल्टर बंद. गेन सगळ्यात कमी.

४. गाडी चालू ठेवा, पण उघड्यावर, बंद शटरच्या आत नाही. स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत न्या.

५. पेन ड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा, शून्य डीबीचा टोन लावा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो बनवता येतो. स्वस्त मीटर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठीच बनवलेले असतात, त्यामुळे इथे ते बरोबर दाखवतात.

६. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा. गेन हळूहळू वाढवा. लक्ष्य आलं की थांबा. ॲम्प बंद करा, वायरी जोडा, फिल्टर परत लावा.

मीटर काय सांगत नाही?

मीटर व्होल्ट दाखवतो, लाटेचा आकार दाखवत नाही. म्हणून स्टिरिओ फुल न करता पाऊणवर ठेवायचा. दुसरं, डब्यावरचा वॉटचा आकडा खोटा असेल तर तुमचं गणितही खोटं. त्यासाठी फ्यूज बघा. ३० अँपिअरचा फ्यूज गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॉट. एबी क्लासचा ॲम्प त्यातले साधारण निम्मेच सगळ्या चॅनेलना मिळून देईल. मग डब्यावर "२००० वॉट" लिहिलंय, ते कुठून आलं?

शेवटी ओळखीचं गाणं लावून ऐका. आवाज फाटत असेल तर गेन अजून कमी करा. पण माझा नियम लक्षात ठेवा: कानाने गेन कमी करायचा, वाढवायचा नाही. सबवूफरचं फाटणं कानाला फार उशिरा कळतं.

या कामाचे पैसे घ्या

इथे आपली माणसं चुकतात. फिटिंगचे पैसे घेतात आणि सेटिंग "असंच करून देतो" म्हणतात. सेटिंग बिलात वेगळी ओळ म्हणून लिहा. सोबत एक छोटं कार्ड द्या: तारीख, किती व्होल्टवर सेट केलं, स्टिरिओचा आवाज कितीच्या वर न्यायचा नाही. उद्या कोणी गेन फिरवून स्पीकर जाळला, तर वाद घालावा लागत नाही. मीटर लावायचा, कार्डाशी ताडून बघायचं.

गिऱ्हाईक म्हणेल, "भाऊ, अजून थोडा वाढव की." तेव्हा नाही म्हणायची तयारी ठेवा. गेन पिळून आवाज कोणीही वाढवेल. स्वच्छ आवाज देऊन तो वर्षभर टिकवणारा माणूस मात्र तालुक्याच्या गावात लोक शोधत येतात. ऑसिलोस्कोप नंतर घ्या, धंद्याच्या नफ्यातून घ्या.

आधी मल्टीमीटर घ्या आणि स्वतःच्या किंवा मित्राच्या गाडीवर हात बसवा. किती व्होल्ट आले, ते कमेंटमध्ये नक्की लिहा.