चालती गाडी, उभी गाडी

गेल्या महिन्यात एका रविवारी माझा भाचा जयसिंगपूरहून आला. बी.कॉम. होऊन तो नुकताच वडिलांच्या स्टेशनरीच्या घाऊक दुकानात बसू लागला आहे. शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी या भागातील दुकानदारांकडून मागणी आणणे व वसुली करणे हे काम वडिलांनी त्याच्याकडे सोपवले असून त्यासाठी जुनी मोटारसायकल घेण्यास पन्नास हजार रुपये दिले आहेत. रक्कम त्याच्या नावे मांडली आहे आणि निवड सर्वस्वी त्याची आहे. दुकानाचा पैसा स्वतःच्या निर्णयाने खर्च करण्याचा त्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

त्याच्यापुढे दोन गाड्या होत्या. एक सात वर्षे वापरलेली, रोज चालणारी स्प्लेंडर. मागणी चव्वेचाळीस हजारांची. दुसरी १९९३ सालची आर एक्स १००. बावीस हजारांत मिळणारी, पण चार वर्षे गोदामात उभी असलेली. भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेल्या या गाडीचा आवाज ऐकून आजही तरुण मुले रस्त्यात वळून पाहतात. भाच्याचे मन कोणत्या गाडीत अडकले होते, हे सांगायला नकोच.

“मामा, बारा हजार घातले की ती उभी राहील. चौतीस हजारांत काम होईल आणि सोळा हजार मी बाबांना परत करीन,” तो म्हणाला.

वडिलांना पैसे परत करण्याची ही इच्छा मला मनापासून आवडली. म्हणूनच मी त्याला नकार दिला नाही, कागद दिला. बँकेत मुदत कर्जाचा प्रस्ताव आला की यंत्राच्या किमतीवर आम्ही कधी थांबत नसू. उभारणीचा खर्च, उत्पादन सुरू होईपर्यंतचा काळ आणि आकस्मिक खर्चाची तरतूद, हे तीन रकाने भरल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. तेच तीन रकाने मी त्याला आखून दिले व मेकॅनिककडे पाठवले.

संध्याकाळी तो परतला तेव्हा कागद भरलेला होता. टू-स्ट्रोक इंजिन बराच काळ उभे राहिले की त्यातील रबरी ऑईल सील कडक होतात. तेथून इंजिन जास्तीची हवा ओढू लागते, पेट्रोल-हवेचे प्रमाण बिघडते आणि पिस्टन तापून जाम होण्याची भीती असते. त्यामुळे नुसता कार्ब्युरेटर साफ करून भागणार नव्हते. इंजिन उघडावेच लागणार होते. बोअर, पिस्टन, क्रँकचे बेअरिंग व सील मिळून साडेनऊ हजार. कार्ब्युरेटर व वायरिंग चार हजार. टाकीतला गंज काढून रंग देणे साडेचार हजार. टायर, ब्रेक व चेनसंच सहा हजार. शिवाय नोंदणीची मुदत संपलेली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. ते शुल्क, पर्यावरण कर, विमा व नवी सुरक्षा नंबरपाटी धरून साडेपाच हजार. बेरीज झाली साडेएकोणतीस हजार. गाडीची किंमत मिळवली तर साडेएक्कावन्न हजार, आणि त्यात आकस्मिक तरतुदीचा रकाना अजून कोराच होता.

मधल्या रकान्यात त्याने फक्त ‘तीन महिने’ एवढेच लिहिले होते. “या तीन महिन्यांत कुरुंदवाडच्या वसुलीला कोण जाणार?” असे मी विचारले. तो काही बोलला नाही.

तेव्हा मी त्याला माझी कहाणी सांगितली. १९८९ साली पहिल्या तालुक्याच्या शाखेत असताना मी अठराशे रुपयांना एक मोटारसायकल घेतली होती. तिचे इंजिन वेगळे, पोत्यात भरून मिळाले होते. दर पगाराला एखादा भाग आणायचा, आणि आणलेला भाग बसवला की दुसरा मोडलेला सापडायचा. दोन वर्षांत चार हजारांवर गेले. थांबावे असे वाटे. पण इतके घातले आहेत ते वाया कसे घालवायचे, या विचाराने पुन्हा हात खिशात जाई. वडील एकदा एवढेच म्हणाले, “बँकेत लोकांची थकलेली खाती शोधतोस, जिन्याखालचे खाते कधी बघणार?” शेवटी ती गाडी वजनावर विकली. गेलेला पैसा पुढच्या निर्णयाच्या हिशेबात धरायचा नसतो, हे मी वाणिज्य शाखेच्या पुस्तकात वाचले होते. उमगले ते त्या जिन्याखाली.

याचा अर्थ जुनी गाडी उभी करणारे वेडे असतात, असा मुळीच नाही. ज्याच्या घरी कामाला दुसरे वाहन आहे, अडकली तरी चालेल अशी रक्कम आहे, हाताला कसब व रविवार मोकळा आहे, त्याच्यासाठी तो आनंदाचा खर्च आहे. त्याने तो खुशाल करावा; मात्र बचत म्हणून करू नये.

चालती गाडी घेतानाही डोळे उघडे हवेत. इंजिन गार असताना स्वतः सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर कारण विचारावे. फोर-स्ट्रोक गाडीतून निळसर धूर येत असेल तर ऑईल जळते आहे, असे समजावे. चासी व इंजिनचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी पडताळावा, थकलेले दंड पाहावेत. पुस्तकावर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात. कायद्याने विक्रेत्याने १४ आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवायचे असते. आपल्या दुकानांची जुनी वाहने ‘ओळखीत’ दिली जातात व कागद तसेच राहतात. अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विकणाऱ्याने तर हे अधिकच लक्षात ठेवावे.

भाच्याने स्प्लेंडर घेतली. घासाघीस करून बेचाळीस हजारांना मिळाली. मागचा टायर, चेनसंच, विमा व हस्तांतर यांवर पाच हजार गेले. उरलेले तीन हजार त्याने वडिलांच्या हाती ठेवले आणि तो भरलेला कागदही दाखवला. दाजींनी तो दोनदा वाचला आणि काही न बोलता दुकानाच्या फायलीत लावला. पुढच्या आठवड्यापासून कागदखरेदीच्या भावाची बोलणी मुलाने करावीत, असे त्यांनी ठरवल्याचे बहिणीने मला फोनवर सांगितले.

आर एक्स अजून गोदामातच उभी आहे. भाचा अधूनमधून तिच्याकडे पाहून येतो. दर महिन्याला स्वतःच्या पगारातून एक हजाराचे आवर्ती खाते त्याने उघडले आहे. कशासाठी, हे मी विचारलेले नाही.