झोत : हौसेचा आणि गरजेचा

माणसाला कशाचा नाद लागेल याचा नेम नसतो. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी कबुतरे पाळतो, तर कुणी शर्यतीच्या बैलाला स्वतःपेक्षा चांगले खाऊ घालतो. या साऱ्या नादांची आपल्याला सवय आहे. पण बॅटरीचा नाद असलेला माणूस मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाहिला नव्हता. बॅटरी म्हणजे अंधारात आपण हातात धरतो ती. पुस्तकी मराठीत विजेरी. हा नादिष्ट माझ्याच मावशीचा मुलगा निघाला. तो पुण्यात नोकरी करतो. त्याच्याकडे लहानमोठ्या तीसेक बॅटऱ्या आहेत आणि त्यांतली कोणती कशासाठी घेतली, हे तो न थकता सांगू शकतो.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठाला आहे. 1980 साली धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पात्र पसरून सागरासारखे झाले. पलीकडे सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका. दिवसा पलीकडची झाडे दिसतात, रात्री मात्र समोर नुसता काळोख. भाऊबीजेच्या संध्याकाळी दादा आम्हा सर्वांना काठावर घेऊन गेला. त्याने पिशवीतून कळशीएवढे एक धूड बाहेर काढले. वजन दोन किलोंच्या आसपास असावे. "हा एचआयडी सर्चलाईट," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबले.

आधी 'टक्' असा आवाज झाला. मग निळसर, डळमळता उजेड आला. आम्हाला वाटले, बिघडले काहीतरी. पण पाहता पाहता तो उजेड पांढरा होत गेला आणि काही सेकंदांत पाण्यावर एक लांबच लांब पांढरा खांब आडवा झाला. त्यात किडे आणि धुके तरंगताना दिसत होते. खांबाच्या टोकाला, पलीकडच्या काठावर, बाभळींची एक रांग अंधुकपणे उभी राहिली. पोरे ओरडली. खोटे कशाला बोलू, मीही ओरडले.

आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, शांतपणे पाहत होते. ते म्हणाले, "उजेड झ्याक हाय. पर आमच्या मोटारीपत्तुर जायाला दोन सेलची बी पुरती." आणि थोडे थांबून, "आज रात्री बाराला लाईट येनार हाय. येतूस का घिऊन?"

या लेखाचे मूळ आप्पांच्या त्या प्रश्नात आहे.

प्रथम दादाची बाजू. मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानात काही चुकले तर पदार्थविज्ञानाच्या सरांनी क्षमा करावी. साध्या बल्बमध्ये तार तापून उजेड पडतो. एचआयडी दिव्यात तार नसतेच. काचेच्या इवल्याशा कुपीत झेनॉन वायू आणि काही धातूंचे क्षार असतात. दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पेटवायची आणि ती तशीच पेटती ठेवायची, असा हा खेळ आहे. पेटवायला वीसेक हजार व्होल्टचा क्षणिक झटका लागतो. पेटल्यावर वीज आवरून धरण्यासाठी, ट्यूबलाईटला असतो तसा, एक चोक लागतो. क्षार तापून वाफ होईपर्यंत उजेड निळसर असतो. मग तो भरतो. म्हणून ते डळमळणे.

ही कल्पना नवी नाही. हम्फ्री डेव्हीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये अशीच ज्योत पेटवून दाखवली होती. आपल्या आजोबांच्या पिढीने जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिला तो अशाच कांड्यांच्या उजेडात. पुढे सिनेमागृहांत झेनॉनचे दिवे आले. रस्त्यांवरचे पिवळे सोडियमचे दिवेही याच घराण्यातले. 1991 च्या सुमारास परदेशी मोटारींना झेनॉनचे हेडलाईट बसू लागले आणि तेच दिवे हौशी लोकांनी हातातल्या सर्चलाईटमध्ये आणले. 55 वॅटचा हॅलोजन साधारण 1500 लुमेन उजेड देतो, तर 35 वॅटचा झेनॉन 3000 च्या वर. आमच्या आजीच्या पितळी बॅटरीचा उजेड फार तर पंधरा-वीस लुमेन असेल.

पण हौशी माणूस नुसते लुमेन मोजत नाही. लुमेन म्हणजे एकूण उजेड, आणि तो एका दिशेला किती एकवटला आहे याचे माप कँडेला. उजेडाचा उगम जितका लहान, तितका आरशाच्या वाटीतून निघणारा झोत बारीक आणि लांब पल्ल्याचा. एचआयडीची ज्योत अवघी काही मिलिमीटर लांब असते, म्हणून तिचा झोत पाणी ओलांडून जातो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हा निसर्गाचा नियम मात्र कुणालाच चुकत नाही. 2009 साली अमेरिकेत ठरलेल्या मानकानुसार, जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंत बॅटरीचा पल्ला धरतात. दहा लाख कँडेलाच्या झोताचा पल्ला यानुसार दोन किलोमीटर भरतो. आता गंमत पाहा. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचे स्वच्छ चांदणे! एवढा खटाटोप करून माणूस दोन किलोमीटरवर काय नेऊन ठेवतो, तर चांदणे.

दादाला हे ठाऊक आहे आणि तरीही त्याला आनंद होतो. आज एलईडीने एचआयडीची जागा जवळजवळ घेतली आहे. एलईडी हलके असतात, बटण दाबताच पूर्ण पेटतात, सेलही कमी खातात. मग हे जुने धूड कशाला? तो म्हणतो, "ते पेटताना बघायचं असतं." मला हे पटले. चुलीवरच्या भाकरीची वाट पाहण्यात जे सुख आहे, त्याच जातीचे हे सुख आहे. शिवाय जिथे आपण जाऊ शकत नाही तिथे निदान आपली नजर जावी, ही इच्छा जुनी आहे. दुर्बीण तिच्यातूनच निघाली. तेव्हा अशा छंदाला 'पैशाची मस्ती' म्हणून हिणवणे मला मान्य नाही.

आता आप्पांची बाजू. उजनीचे पाणी आमच्या शेतावर आपोआप येत नाही. काठावर मोटारी आहेत, तिथून लांबवर पाइप नेले आहेत. शेतीची वीज पाळीने मिळते; काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणसे मध्यरात्री उठतात, मोटार चालू करतात आणि पहाटेपर्यंत उसाला दारे धरतात. एका हातात खोरे, दुसऱ्या हातात किंवा काखेत बॅटरी. पायाखाली चिखल आणि साप, तारेत वीज. उसाच्या आधाराने बिबट्याही आता जुन्नर-शिरूरपुरता राहिलेला नाही. आपल्या तालुक्यांतही त्याची धास्ती असते.

त्या रात्री दादा खरोखरच आप्पांबरोबर गेला. मोटारीच्या वाटेवर त्याने सर्चलाईट लावला. पहिली दहा मिनिटे सगळे दिवसासारखे लख्ख. पण दूरच्या बांधावर पडणारा तो बारीक झोत पायाखालच्या सरीत मात्र काही दाखवीना. खाली धरावा, तर ओल्या चिखलावरून परतून डोळे दिपवी. झोताबाहेरचा अंधार तर पहिल्यापेक्षा दाट झाला. पाऊण तासात सर्चलाईटचे सेल उतरले. आप्पांची बॅटरी लागेल तेवढी लावत, विझवत पहाटेपर्यंत पुरली. सकाळी दादा चिखलाने माखून आला आणि चहा घेताना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी अंधार बघायला येतो गं. त्यांना अंधारात जावं लागतं."

मित्रहो, मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. अंधार ज्याच्या मर्जीचा, त्याला उजेडाची हौस परवडते. दादाला कंटाळा आला की तो दिवा बंद करून घरी जातो. आप्पांना कंटाळा येऊन चालत नाही. बाईमाणसांचेही असेच आहे. घरात संडास नव्हता त्या काळात आमची आजी आणि तिच्या जावा एकच बॅटरी घेऊन अंधारात बाहेर पडत. ती बॅटरी त्यांच्या अब्रूची राखण होती. आजही शेवटच्या एसटीने उतरून वस्तीपर्यंत जाणारी आमच्यातली मुलगी मोबाईलचा दिवा लावते तेव्हा ती लुमेन मोजत नाही, पावले मोजते.

म्हणून हौशी मंडळींनी छंद सोडावा काय? मुळीच नाही. उलट त्यांना जे कळते ते गावाला कळले पाहिजे. बाजारात डब्यावर 'लाखो कँडलपॉवर' छापून वाटेल ते विकले जाते आणि आमचा शेतकरी त्या आकड्याला भुलतो. दाऱ्यावर जाणाऱ्याला लांबचा झोत नको. त्याला पायापुढे पसरणारा मऊ उजेड, पाणी न शिरणारे टोपण, रात्रभर पुरणारे सेल आणि दोन्ही हात मोकळे ठेवणारा डोक्याचा पट्टा हवा. हे सांगणारा माणूस दुकानात भेटत नाही. नादिष्ट माणूस मात्र ते फुकट आणि हौसेने सांगतो.

त्याबरोबर झोताची शिस्तही शिकायला हवी. आपल्या भागातल्या माळरानांचे मोल आपल्याला कमी वाटते. कडबनवाडीच्या गवताळ माळावर लांडगे आणि चिंकारा आहेत. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठीच प्रसिद्ध आहे. रात्री झोत पडला की जनावराचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या पडद्यामागे उजेड परत फेकणारा एक थर असतो. ही चमक पाहायला मजा वाटते खरी, पण त्या क्षणी ते जनावर आंधळे झालेले असते. शिकारीला 1972 च्या कायद्याने आळा घातला. गंमत म्हणून दिपवण्याला आपल्या विवेकानेच आळा बसायचा. भिगवण-कुंभारगावच्या पाण्यावर हिवाळ्यात विसावणाऱ्या फ्लेमिंगोंनाही रात्रीची झोप हवी असते. आणि समोरून येणाऱ्या उसाच्या बैलगाडीवर किंवा मोटारसायकलवर झोत मारणे हा तर खेळ नव्हेच.

आता या लेखातली सर्वांत जड गोष्ट. 21 मे 2024 रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आपल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एकजण पोहत काठाला लागला. ज्या पाण्यावर दादाने झोत टाकला, तेच हे पाणी. सर्चलाईट असता तर ते सहा जण वाचले असते, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. वारा उजेडाने थांबत नाही, आणि बुडत्याला आधी जीवरक्षक जाकीट लागते. पण संध्याकाळी पाण्यावर काही विपरीत घडले तर अंधार फार वेळ देत नाही. जिथे माणसे रोज पाणी ओलांडतात, त्या प्रत्येक धक्क्यावर जाकिटांबरोबर एक चांगला, चार्ज केलेला सर्चलाईट का असू नये? लांब पल्ल्याच्या झोताची खरी जागा असलीच तर ती तिथे आहे. मोटारीच्या वाटेवर निरुपयोगी ठरलेला दादाचा दिवा पाण्यावर मात्र पलीकडच्या बाभळी दाखवत होता, हे मी विसरलेले नाही.

माझ्या सूचना तीन आहेत. पहिली, धक्क्यावरच्या या दिव्याची. ती गावांनी आणि ग्रामपंचायतींनी मनावर घ्यावी. दुसरी, आपल्या महाविद्यालयाने पदार्थविज्ञान विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांच्या वतीने एक संध्याकाळ मैदानावर बॅटऱ्यांची परीक्षा ठेवावी. शेतकऱ्यांनी आपापल्या बॅटऱ्या आणाव्यात, विद्यार्थ्यांनी लक्समापक लावून डब्यावरचा आकडा खरा की खोटा ते सांगावे. तिसरी आणि सर्वांत मोठी : शेतीला वीज दिवसा मिळाली पाहिजे. त्यासाठीची सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली सुरू झाली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ती प्रत्येक बांधापर्यंत पोहोचेपर्यंत आपण सुशिक्षितांनी हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा समजू नये. आपल्यापैकी कितीतरी जणांची फी याच रात्रपाळीतून आलेली आहे.

पुण्याला परतल्यावर दादाने आप्पांना डोक्याला बांधायची एक लहान एलईडी बॅटरी पाठवली. पिवळसर उजेडाची, रात्रभर पुरणारी. आप्पा ती वापरतात, पण जुनी पितळी सवयीने काखेत असतेच. परवा दादाचा फोन आला, की पुढच्या सुट्टीत याहून मोठा सर्चलाईट आणतो. मी तसे आप्पांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "आन म्हनावं. दिवसा लाईट मिळायला लागली, तर रात्री मी बी येईन की बघायला."